दृष्टिहीनांचे हक्क आणि सोयीसवलती: मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न आठही जिल्ह्यांतून फोनवर, व्हॉट्सअॅपच्या आवाजी निरोपांतून आणि तहसीलच्या आवारात उभ्या उभ्या विचारले गेलेले आहेत. भाषा थोडी आवरून घेतली आहे, आशय तोच ठेवला आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे एक गोष्ट दुसरीत गुंतते तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नुसतं "कलम" लिहिलं असेल तिथे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम समजा. योजनांच्या रकमा बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी चालू रक्कम विचारून घ्या.

1. मला थोडं थोडं दिसतं. मी कायद्याने अंध की नाही?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 देशात 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी असे दोन वेगळे प्रकार आहेत. चष्मा लावून, उपचार करूनही चांगल्या डोळ्याची नजर 3/60 (चांगल्या नजरेला 60 मीटरवरून दिसतं ते 3 मीटरवरून दिसणं) पेक्षा कमी असेल, किंवा नजरेचा आवाका 10 अंशांपेक्षा कमी असेल, तर ते अंधत्व. नजर 6/18 पेक्षा जास्त नसेल आणि 3/60 पर्यंत असेल, किंवा आवाका 40 अंशांपेक्षा कमी ते 10 अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी.

आवाक्याचा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण तिथे बरेच जण फसतात. रातांधळेपणाने सुरू होणाऱ्या पडद्याच्या काही आजारांत माणूस समोरचा तक्ता झकास वाचतो, पण बाजूने आलेली मोटारसायकल त्याला दिसत नाही. अशा माणसाला "तुम्हाला तर सगळं दिसतंय की" म्हणून परत पाठवतात. तपासणीच्या वेळी दृष्टिक्षेत्राची चाचणीही करा, असं आपणहून सांगा आणि अर्जातही लिहा.

2. अपंगाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड वेगवेगळं काढायचं का? कुठे जायचं?

आता वाट एकच आहे. 1 जून 2021 पासून प्रमाणपत्रं केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच दिली जातात. अर्ज ऑनलाइन भरायचा, रुग्णालय निवडायचं, बोलावलेल्या दिवशी तपासणीला जायचं. त्याच अर्जातून प्रमाणपत्रही निघतं आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, तेही. जिल्हा रुग्णालयं आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं हे काम करतात. म्हणजे संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरी, लातूरचं शासकीय महाविद्यालय वगैरे. डोळ्यांचे डॉक्टर बोर्डावर कोणत्या वारी बसतात ते आधी फोनवर विचारा. शंभर किलोमीटर जाऊन "आज हाडांचा बोर्ड आहे" हे ऐकण्यात काही हशील नाही.

40 टक्क्यांखाली पांढरं, 40 ते 79 पिवळं आणि 80 च्या पुढे निळं, असे कार्डाचे रंग आहेत. हे प्रमाणपत्र देशभर चालतं. तपासणीला किंवा कार्डाला फी नाही. अर्ज भरून देण्याचे केंद्रवाला घेतो तेवढेच पैसे. "बोर्डात ओळख आहे" म्हणून हजारांत मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. खोटं प्रमाणपत्र निघालं तर कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि ते ज्याच्या नावाचं प्रमाणपत्र आहे त्याच्या गळ्यात येतं. एजंट तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो.

3. एका डोळ्याने अजिबात दिसत नाही. बोर्डाने 30 टक्केच दिले. अन्याय नाही का?

मनाला अन्याय वाटतो, पण बोर्डाने नियमाप्रमाणेच दिलं आहे. दुसरा डोळा चांगला असेल तर मार्गदर्शक तत्त्वांत 30 टक्केच आहेत. आरक्षण, निराधार योजना आणि बहुतेक सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात, त्यामुळे त्या मिळणार नाहीत. चांगला डोळाही पुढे अधू झाला तर पुन्हा तपासणी मागा. परीक्षेपुरता एक अपवाद आहे, तो प्रश्न 15 मध्ये.

4. टक्केवारी चुकीची वाटते. किंवा अर्ज करून महिने झाले, काहीच कळत नाही. काय करू?

टक्केवारी पटत नसेल तर कलम 59 प्रमाणे अपील करता येतं. मात्र "मला काहीच दिसत नाही" एवढ्यावर अपील टिकत नाही. दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचा ताजा अहवाल जोडा, त्यात चष्म्यासहित नजर आणि दृष्टिक्षेत्र या दोन्ही नोंदी हव्यात. अर्ज रखडला असेल तर तुमचा नोंदणी क्रमांक घालून जिल्हा शल्यचिकित्सकांना साधं पत्र द्या आणि पोच घ्या. 2024 च्या सुधारित नियमांत यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे, तिचा पत्रात उल्लेख करा.

5. आधारवाला म्हणतो, डोळ्यांची प्रतिमा येत नाही, म्हणून आधार होत नाही.

होतं. ज्यांच्या डोळ्यांची किंवा बोटांची प्रतिमा घेता येत नाही, त्यांची नोंदणी बायोमेट्रिक अपवाद म्हणून करायची सोय आधारच्या यंत्रणेत आहे. ऑपरेटरला तो पर्याय माहीत नसतो किंवा वापरायचा नसतो. गावातल्या केंद्रावर अडलं तर जिल्ह्याच्या आधार सेवा केंद्रात जा. आधार अडलं की बँक, निराधार, रेशन सगळंच अडतं, म्हणून हे आधी उरका.

6. निराधारचा पगार अंधांना किती मिळतो? आणि कुणाला?

लोक पगार म्हणतात ते संजय गांधी निराधार अनुदान. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व, 65 पेक्षा कमी वय, दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांपर्यंत आणि महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य, या मुख्य अटी. दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान दरमहा 1,500 वरून 2,500 रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये घेतला. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत, सेतूतून.

पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. खातं तुमच्या एकट्याच्या नावाचं ठेवा. "त्यांना कुठं बँकेत जाता येतं" म्हणून पुतण्याचं नाव जोडलं जातं आणि मग दर महिन्याला पुतण्याकडे हात पसरावा लागतो. पैसे काढायला सोबत कुणाला न्यायला हरकत नाही. एटीएमचा पिन आणि पासबुक मात्र तुमच्याकडेच राहू द्या.

7. मी अंध आहे, वय 34. लाडकी बहीण आणि निराधार, दोन्ही घेऊ का?

नाही. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला 1,500 रुपये किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण योजनेत बसता येत नाही. निराधारमध्ये बसत असाल तर तेच घ्या, रक्कम जास्त आहे. दोन्ही चालू असतील तर वसुलीची नोटीस येण्याची वाट पाहू नका. एक बंद करायचा अर्ज द्या आणि पोच जपून ठेवा.

8. घरचे ऊसतोडीला गेले, म्हातारी अंध आई गावात एकटी. हयातीचा दाखला राहिला आणि पगार बंद पडला.

बीड, धाराशिव, जालन्यातून दर हंगामात येणारा हा प्रश्न आहे. कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, दिवाळीच्या आसपास जातो आणि मार्च-एप्रिलला परततो. मधल्या काळात तहसीलचा कागद आला तर तो वाचणारं घरात कुणी नसतं.

बंद झालेलं अनुदान बहुतेक वेळा पडताळणी झाल्यावर सुरू होतं, त्यासाठी नवा अर्ज करायची गरज नसते. आईला घेऊन किंवा गावातल्या विश्वासू माणसासोबत तहसीलला पाठवून दाखला द्या. आधार आणि पासबुकाची झेरॉक्स जोडा, मधल्या महिन्यांची थकबाकीही लेखी मागा. बोटांचे ठसे उमटत नसतील, आणि राबलेल्या हातांचे ते बऱ्याचदा उमटत नाहीत, तर चेहऱ्यावरून पडताळणी करायला सांगा.

पुढच्या वर्षासाठी आमचा सल्ला असा: गाव सोडण्याआधी तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला आईचं नाव आणि एका शेजाऱ्याचा मोबाइल नंबर लेखी देऊन ठेवा. अंगणवाडीताईंनाही सांगा, सगळ्या गावात शिल्लक असलेल्या बायकांची खबर त्यांनाच असते.

9. ग्रामपंचायतीत दिव्यांगांचे 5 टक्के असतात म्हणे. सरपंच म्हणतात निधीच नाही.

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका या सगळ्यांनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. ही रक्कम गावाला येणाऱ्या सगळ्या सरकारी निधीच्या 5 टक्के नसते. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं अशा स्वतःच्या कमाईवर ती मोजतात. त्यामुळे लहान गावात आकडा खरोखर छोटा असू शकतो. पण घरपट्टी वसूल झाली असेल तर तो शून्य नसतो.

ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा. नाही जमलं तर माहिती अधिकारात तीन वर्षांचं स्वउत्पन्न, काढलेले 5 टक्के आणि खर्चाची यादी मागा. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. लिहिता येत नसेल तर जन माहिती अधिकाऱ्याने तुमचा तोंडी अर्ज लिहून घ्यायला मदत केली पाहिजे, हे त्याच कायद्यात आहे. असा एक अर्ज गेला की पुढच्या ग्रामसभेत "निधी नाही" हे वाक्य सहसा ऐकू येत नाही, हा आमचा अनुभव.

10. एसटीत आणि रेल्वेत किती सवलत? सोबतच्याला?

एसटीच्या साध्या बसमध्ये दिव्यांगाला 75 टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व 65 टक्के किंवा जास्त असेल तर एका साथीदाराला 50 टक्के. यूडीआयडी कार्ड हातात ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवरून वाहकाशी वाद घालण्यात प्रवास जातो.

रेल्वेत मोठी गफलत होते. तिथली सवलत पूर्णपणे दृष्टी नसलेल्यांना आहे, अल्पदृष्टीवाल्यांना नाही. तुमचं कार्ड 60 टक्क्यांचं असेल आणि एसटीत चालत असेल, म्हणून रेल्वेत चालेलच असं नाही. पूर्ण दृष्टिहीनाला दुसरा वर्ग, स्लीपर, एसी थ्री आणि चेअर कारला 75 टक्के, एसी टू आणि एसी फर्स्टला 50 टक्के. राजधानी-शताब्दीच्या एसी थ्री आणि चेअर कारला 25 टक्के. सोबतच्या एका माणसाला तेवढीच. यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं. परभणी, जालना, नांदेडकडची स्टेशनं नांदेड विभागात आहेत, लातूर आणि धाराशिव शहरांची सोलापूर विभागात. अर्ज त्या त्या विभागाकडे जातो.

11. बँक म्हणते, अंधांना चेकबुक आणि एटीएम देत नाही. जोडखातं काढा.

असा कोणताही नियम नाही. उलट रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच सर्व बँकांना कळवलं आहे की अंध व्यक्ती करार करायला कायद्याने सक्षम आहे. चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज यांतली कोणतीही सोय केवळ दिसत नाही म्हणून नाकारता येणार नाही.

काउंटरवर काय होतं ते सांगतो. तुम्ही समोर उभे असता. साहेब तुमच्या शेजारच्या पोराला विचारतात, "यांना सही येते का?" पोरगा गोंधळतो आणि तुमच्याकडे बघतो. तिथे तुम्ही बोला: "सही येते. अर्ज वाचून दाखवा, मी करतो." सही करताना पट्टी, किंवा पुठ्ठ्यात कापलेली खिडकी वापरा. खिडकीच्या कडेवर डाव्या हाताचं बोट ठेवलं की ओळ तिरकी जात नाही आणि प्रत्येक सही एका मापाची येते. बँकेला तेवढंच हवं असतं. पट्टी खिशातच ठेवा, बँकेत मिळेल या भरवशावर राहू नका.

अंगठा लावत असाल तरी खातं स्वतंत्रपणे चालवता येतं. तोंडी नकार आला तर "कारण लेखी द्या" म्हणा. तरीही अडलं तर आधी शाखेत लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार ऑनलाइन करता येते, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

12. नोटा ओळखायच्या कशा? 100, 200, 500 सगळ्या सारख्याच वाटतात.

रुंदी सारखी असते म्हणून तसं वाटतं. 50 पासून 500 पर्यंत सगळ्या नव्या नोटा 66 मिलिमीटर रुंद आहेत. लांबी मात्र वेगळी: 50 ची 135, 100 ची 142, 200 ची 146, 500 ची 150. म्हणजे 200 आणि 500 मध्ये जेमतेम चार मिलिमीटरचा फरक. एकटी नोट हातात घेऊन तो कळत नाही. दुमडून बोटांच्या पेरांवर मोजणारे तरबेज लोक आहेत, पण सवय लागायला वेळ जातो.

कोऱ्या नोटेवर कडेला उठावाच्या तिरक्या रेषा असतात. 100 ला चार, 200 ला चार आणि मध्ये दोन गोल, 500 ला पाच. शिवाय 100 वर उठावाचा त्रिकोण, 500 वर वर्तुळ. भुसारात आणि आठवडी बाजारात फिरलेल्या नोटेवर हे काही शिल्लक राहत नाही, हे खरंच. रिझर्व्ह बँकेचं मणी हे अॅप 1 जानेवारी 2020 ला आलं. ते कॅमेऱ्याने नोट ओळखून सांगतं, इंटरनेट लागत नाही. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही. घरी 500 ची नोट दुमडून आणि 100 ची सरळ ठेवायची, अशी स्वतःची पद्धत बसवा आणि ती घरातल्यांना मोडू देऊ नका.

13. ऑनलाइन केवायसीत "डोळे मिचकावा" म्हणतात. माझे डोळे काचेचे आहेत.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दृष्टिहीन वकील अमर जैन यांची आणि आम्लहल्ल्यातून वाचलेल्यांची याचिका यावर होती. 30 एप्रिल 2025 च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पापण्या मिचकावण्याला पर्याय देण्यासह वीस निर्देश दिले. सिमकार्डवाला किंवा बँक अडवत असेल तर हा निकाल तारखेसह लेखी दाखवा आणि समोरासमोर पडताळणी मागा.

14. मुलगी पाच वर्षांची आहे, जन्मतः दिसत नाही. अंधशाळेत घालू की गावातल्याच शाळेत?

हक्क दोन्हीकडे आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळतं, हे कलम 31 सांगतं. गावातल्या शाळेला "आमच्याकडे सोय नाही" म्हणून नाव परत करता येत नाही.

आमचं मत विचाराल तर ब्रेल कोण शिकवणार यावर ठरवा. समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक तालुक्यात असतात, पण त्यांच्या वाट्याला शाळा फार येतात. ते आठवड्यातून ठरलेल्या वारी येतील असं लेखी ठरत असेल तर मुलगी घरीच वाढू द्या. नसेल तर सुरुवातीची काही वर्षं निवासी अंधशाळेत ब्रेल, पाटीवरचं गणित आणि काठीने चालणं पक्कं करून मग गावच्या किंवा तालुक्याच्या शाळेत आणा. नुसतं ऐकून पाठ करणारी मुलं आठवीपर्यंत हुशार ठरतात आणि मग शुद्धलेखनात व बीजगणितात अडकतात. आईबाप ऊसतोडीला जात असतील तर हंगामी वसतिगृहाबद्दल मुख्याध्यापकांना आधीच विचारा.

गणिताऐवजी सोपा पर्याय घेण्याची सवलत दहावीचं परीक्षा मंडळ देतं. ती घाईने घेऊ नका. दहावी सोपी जाते, पुढची अनेक दारं मात्र बंद होतात.

15. परीक्षेला लेखनिक कोण चालतो? जास्तीचा वेळ किती?

वेळ प्रत्येक तासाला किमान 20 मिनिटं जास्त. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक न घेता संगणकावर लिहिणाऱ्यालाही हा वेळ मिळतो. केंद्राच्या ऑगस्ट 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्वतःचा लेखनिक आणल्यास त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं लागत होतं. हे नियम बदलत आले आहेत आणि परीक्षा घेणारी संस्था आपले तपशील घालते, म्हणून जाहिरातीतला लेखनिकाचा परिच्छेद दर वेळी नव्याने वाचून घ्या.

दहावी-बारावीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो: लातूर, नांदेड, धाराशिव लातूर मंडळाकडे, बाकीचे पाच जिल्हे संभाजीनगरकडे. फेब्रुवारीत धावपळ करू नका, शाळा सुरू झाल्या झाल्या अर्ज द्या. लेखनिकासोबत सराव करा. आकृतीचा प्रश्न कसा सांगायचा, उत्तर वाचून कधी घ्यायचं, "स्वल्पविराम" तोंडाने म्हणायचा की नाही, हे आधी ठरलेलं असलं तर पेपरात वेळ जात नाही.

40 टक्क्यांखाली असलेल्यांचं काय? त्यांनाही खरी अडचण असेल तर लेखनिक नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात फेब्रुवारी 2021 मध्ये तसा निकाल दिला आणि ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने त्यांच्यासाठी वेगळ्या सूचना काढल्या. लिहिताना अडचण येते असं वैद्यकीय प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात लागतं. प्रश्न 3 मधल्या एका डोळ्याच्या माणसाला हे आपोआप मिळत नाही, अडचण दाखवावी लागते.

16. पुस्तकं आणि मोबाइल कसे वापरायचे? खर्च किती?

सुरुवात फुकटात होते. अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचं बोलून दाखवणारं टॉकबॅक असतंच, मराठी आवाज घालता येतो. संगणकासाठी तसंच काम करणारं एनव्हीडीए मोफत आहे. पुस्तकांसाठी 2016 मध्ये सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय बघा. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अंधांसाठी पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत करायला परवानगी देतो. त्यामुळे कॉलेजच्या ग्रंथपालांनी "कॉपीराइटमुळे स्कॅन करू देता येत नाही" म्हटलं तर ते बरोबर नाही.

17. पांढरी काठी कुठे मिळते? आणि आमच्या रस्त्यांवर ती चालते का?

दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेच्या शिबिरात मोफत मिळते, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात शिबिराची तारीख विचारा. काठी उभी धरली की छातीपर्यंत यायला हवी. शिबिरात सगळ्यांना एकाच मापाची वाटतात, उंच माणसाने ती बदलून मागावी. लहान काठी खड्डा सांगते तेव्हा पाय खड्ड्यात पोचलेला असतो.

चालताना उजवं पाऊल पुढे तेव्हा टोक डावीकडे, डावं पुढे तेव्हा उजवीकडे, खांद्याएवढ्या रुंदीत. पावसाळ्यात आपली काळी माती टोकाला चिकटून गोळा होतो आणि काठीचा आवाज बसतो, तेव्हा थांबून टोक दगडावर झटका. उसाच्या ट्रॉलीतून बाहेर आलेलं वाढं काठीला कळत नाही, ते तोंडावर लागतं. हंगामात रस्त्याच्या कडेने जाताना मोकळा हात चेहऱ्यासमोर आडवा धरा.

18. नोकरीत आरक्षण किती? आणि नोकरीत असताना नजर गेली तर?

सरकारी नोकरीत दिव्यांगांना 4 टक्के, त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टीसाठी. उच्च शिक्षणात सगळ्या दिव्यांगांना मिळून 5 टक्के. "हे पद अंधांना जमणार नाही" हे वाक्य न्यायाधीशांच्या पदाबाबतही म्हटलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 3 मार्च 2025 ला ते खोडून काढलं.

नोकरीत असताना नजर गेली तर राजीनामा देऊ नका. हे ठळक लिहायचं कारण असं की पहिला दबाव त्याचाच येतो: "स्वेच्छानिवृत्ती घ्या, पोराला लावून घेऊ." कलम 20 प्रमाणे सरकारी आस्थापनेला अशा कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं काम द्यायचं. तसं पद नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा, पदावर ठेवायचं. एसटीचा चालक, जिल्हा परिषदेचा शिक्षक, दोघांनाही हे लागू आहे. खासगी कारखान्यात हे कलम याच शब्दांत लागू नाही, तिथे कामगार कायद्याच्या वकिलाला आधी भेटा.

19. भाऊ म्हणतात, तुला जमिनीचं काय करायचंय, हक्कसोडपत्रावर सही कर, आम्ही सांभाळू.

सही करण्याआधी थांबा. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 28 प्रमाणे कोणत्याही रोगामुळे किंवा व्यंगामुळे वारसा जात नाही. तुमचा हिस्सा दिसणाऱ्या भावाएवढाच आहे. बहीण अंध असेल तरीही.

सातबारावर नाव आहे का ते तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन बघून घ्या. वारसनोंदीत नाव गाळलेलं असेल तर फेरफारावर हरकत घ्या. कागदावर सही करायचीच असेल तर तो घरातल्या माणसाकडून वाचून घेऊ नका. ज्याचा त्या जमिनीशी संबंध नाही, अशाकडून पूर्ण वाचून घ्या, गट नंबर आणि क्षेत्रासकट, आणि वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करा. "वारसनोंदीचा कागद आहे" सांगून हक्कसोडावर अंगठे घेतल्याची प्रकरणं आमच्याकडे येतात, आणि नोंदणी झालेला दस्त रद्द करायला दिवाणी न्यायालयात वर्षं जातात. दुय्यम निबंधकासमोर "मजकूर वाचून दाखवा, मला दिसत नाही" असं मोठ्याने सांगा.

वकिलाच्या पैशांची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे दिव्यांगाला मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातच समिती असते, फोन 15100.

20. तहसीलमध्ये म्हणाले, अंध आहे तर पालक नेमून आणा.

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या अंध माणसाला पालक लागत नाही. पालक नेमणारा राष्ट्रीय न्यास कायदा 1999 हा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. अंधत्वासोबत यांतलं काही असेल तरच तो प्रश्न येतो. एकट्या अंधत्वासाठी कुणी मागत असेल तर मागणी लेखी घ्या आणि प्रश्न 22 बघा.

21. मत मी स्वतः देऊ शकतो का? सोबत कोण चालतो?

मतदान यंत्रावर बटणांच्या शेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात आणि ब्रेलची नमुना मतपत्रिका केंद्रावर मागता येते. उमेदवारांचा क्रम तिच्यावर वाचायचा आणि यंत्रावर तो आकडा शोधून बटण दाबायचं. ब्रेल येत नसेल तर 18 वर्षांवरचा सोबती नेता येतो. सोबती तुम्ही निवडायचा, पक्षाच्या टेबलावरच्या कार्यकर्त्याने नाही. एक माणूस त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो, त्यामुळे गावातल्या चार अंधांना एकच जण "मतदान करवून" आणत असेल तर ते बेकायदा आहे.

22. तक्रार नेमकी कुठे करायची? आणि काय लिहायचं?

पहिली पायरी त्याच कार्यालयात. कलम 23 प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत दिव्यांगांसाठी तक्रार निवारण अधिकारी असतो आणि तक्रारीची चौकशी नोंदणीपासून दोन आठवड्यांत व्हायला हवी. तिथे काही झालं नाही तर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त, शेवटी उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. बँकेची वाट वेगळी आहे, ती प्रश्न 11 मध्ये. चारचौघांत मुद्दाम अपमान केला, धमकावलं, तर कलम 92 खाली तो गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. त्यासाठी पोलीस ठाणं.

अर्जात रडगाणं नको. "मी गरीब अंध, दया करावी" अशी सुरुवात केली की साहेबांना दया दाखवायची की नाही हे ठरवायला मोकळीक मिळते. असं लिहा:

"मी अमुक, यूडीआयडी क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी दुपारी अमुक वाजता आपल्या कार्यालयात अमुक कामासाठी आलो. अमुक टेबलावर मला असं सांगण्यात आलं. हे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या अमुक कलमाला धरून नाही. माझं काम अमुक मुदतीत करावं, किंवा नाकारण्याचं कारण लेखी द्यावं. उत्तर मला वाचता येईल अशा स्वरूपात, मोबाइलवर मजकूर म्हणून पाठवावं."

दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का मारला की नाही हे सोबतच्याला विचारत बसू नका, आवक क्रमांक लिपिकाला मोठ्याने वाचायला सांगा आणि तो लगेच फोनमध्ये बोलून ठेवा.